घरी थीमवाली आफ्टरनून टी पार्टी कशी करायची : सोलापुरात पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मागच्या डिसेंबरात आईच्या साठीला आम्ही घरच्या गच्चीवर आफ्टरनून टी पार्टी केली. चौदा माणसं होती आणि थीम होती कापड विणायचा माग आणि चादर. तेव्हापासून वहिनी, मैत्रिणी, शेजारच्या काकू सगळ्या विचारतायत, तो तीन मजली स्टँड कुठनं आणलास, स्कोन म्हणजे नक्की काय, एवढा चहा गरम कसा राहिला. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते.

ही माझी दुसरी पार्टी. पहिली दोन वर्षांपूर्वी केलेली, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाच्या निमित्तानं, ती पण एप्रिलमध्ये आणि दुपारी चारला गच्चीवर. थीम होती इंग्लिश बाग, नेटवरचे फोटो बघून ठरवलेली. क्रीम वितळून ताटलीत पसरलं, सँडविचच्या कडा वाळून वर आल्या, मी स्वयंपाकघरातच अडकले त्यामुळं चहा मिळायला पाच वाजले, आणि सात महिन्यांची गरोदर असलेली माझी मैत्रीण घामानं भिजून गेली तरी काही बोलली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. खाली जे जे सांगतेय त्यातलं निम्मं तरी त्या दिवशी शिकलेलं आहे.

१. आधी समजून घ्या, हा प्रकार काय आहे

इंग्लंडमध्ये साधारण १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ही पद्धत सुरू केली असं मानतात. तिकडं दुपारचं जेवण हलकं आणि रात्रीचं आठ-साडेआठला, मधे चार-पाचच्या सुमाराला पोटात खड्डा पडायचा, म्हणून चहा आणि सोबत थोडं खाणं. मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या आणि त्याची पद्धतच झाली.

आपल्याकडं हॉटेलवाले याला सर्रास हाय टी म्हणतात. मूळ हाय टी वेगळा, तो कामगार लोकांचा कामावरनं आल्यावरचा संध्याकाळचा भरपेट चहा-जेवणाचा प्रकार. हे सांगायचं कारण की निरोपात तुम्ही हाय टी लिहिलंत तर निम्म्या लोकांना वाटतं जेवणच आहे आणि ते रात्रीचं जेवण सोडून येतात, उरलेल्यांना वाटतं चहा-बिस्कीट असेल आणि ते दोन वाजता पोटभर जेवून येतात. निरोपात काय लिहायचं ते चौथ्या पायरीत सांगते.

खाणं तीन थरांत मांडतात. खाली सँडविच, मधे स्कोन, वर गोड. खायचं पण खालून वर. एवढा सांगाडा पक्का ठेवला की त्यात आपलं काहीही बसवता येतं.

२. तारीख आणि वेळ

यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. सोलापुरात ही पार्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतच गच्चीवर किंवा अंगणात करावी. मार्च उजाडला की घरात, पंख्याखाली. एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा असताना दुपारी चारचा हट्ट अजिबात नको, साडेपाचला ठेवा आणि गरम चहाबरोबर थंड चहा पण ठेवा.

जानेवारी ठरवत असाल तर संक्रांतीच्या आसपासचे दिवस टाळा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक असते, होम मैदान आणि पार्क चौकाकडचे रस्ते गच्च असतात आणि बऱ्याच घरांत पाहुणे उतरलेले असतात. बोलवलेली माणसं यायचं म्हटली तरी वेळेवर पोचत नाहीत.

आणि पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि चौदा माणसांचे कप, बशा, ताटल्या, वर परत धुणं म्हटलं की टाकीच संपते. तुमच्या भागात पाणी यायचा दिवस कुठला ते बघा आणि पार्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पाणी यायच्या दिवशीच ठेवू नका, कारण ते नेमकं दुपारी आलं तर घरातलं एक माणूस मोटरपाशी अडकतं.

सोमवार, गुरुवार, एकादशी हे पण कॅलेंडरवर बघून घ्या. श्रावणात तर निम्मी मंडळी उपासालाच असतात.

पार्टी दोन तासांची पुरते. चार ते सहा. संपायची वेळ आधीच सांगितली की लोकांना पण बरं पडतं, लहान पोरं असलेल्यांना तर फारच.

३. थीम निवडताना

थीम म्हणजे नुसती सजावट नाही. काय खायचं, टेबलावर काय घालायचं, निघताना हातात काय द्यायचं हे सगळं ठरवायला सोपं जावं म्हणून थीम असते. आणि ती आपल्या घरातल्या वस्तूंतून निघाली पाहिजे. इंग्लिश बागेसाठी मी प्लॅस्टिकची फुलं, खोटं गवत, लेसचे रुमाल असं सगळं विकत आणलं आणि त्यातलं एकही पुन्हा वापरलं गेलं नाही, आणि मुख्य म्हणजे माझ्या मैत्रिणीचा आणि त्या बागेचा काही संबंधच नव्हता.

आईच्या वेळी मी उलटं केलं. आधी विचारलं की आई लहानपणाचं काय काय आठवते. माझे आजोबा कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. आईचं लहानपण भोंग्यावर चालायचं, भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की शाळा. आजोबा गेले, मिल पण बंद पडली, पण विणकरांच्या पूर्व भागातनं जाताना कुठं मागांचा खडखडाट ऐकू आला की आई अजून थांबते. म्हणून माग आणि चादर. मग सगळं आपोआप सुचत गेलं.

थीम एका वाक्यात सांगता आली पाहिजे. नाही सांगता आली तर ती जास्त पसरट आहे. सोलापुरात चांगल्या बसतील अशा आणखी दोन-तीन सांगते:

डाळिंब. लाल-गुलाबी रंग, डाळिंबाचे दाणे गोडात पण आणि पेयात पण. सांगोल्याकडचं कोणी ओळखीचं असेल तर थेट शेतातनं माल मिळतो.

गड्डा. यात्रा संपल्यावर आठवड्याभरानं करा. मुलांचा वाढदिवस असेल तर ही बेस्ट, भिरभिरं, चुरमुरे, बत्तासे, शेवचिवडा, लाकडी खेळणी.

हुरडा. डिसेंबर-जानेवारीत, मालदांडी ज्वारीचा हुरडा, गूळ, शेंगाचटणी आणि सोबत नुसता चांगला चहा. यात स्कोन नको, उगाच घुसवू नका.

४. माणसं किती आणि निरोप कसा

पहिल्यांदा करताय तर आठ ते बारा. आमची चौदा झाली ती माझ्या दोन बहिणी मदतीला होत्या म्हणून. या पार्टीत माणसं बसून खातात, बुफेसारखं हातात ताटली घेऊन फिरत नाहीत, म्हणून जेवढ्या खुर्च्या तेवढीच माणसं.

निरोप साधारण असा पाठवा, मी हाच पाठवलेला:

"आईच्या साठीनिमित्त रविवारी दुपारी ४ ते ६ आमच्या घरी गच्चीवर चहा आहे. चहासोबत सँडविच, गोड असं भरपूर खाणं आहे, रात्रीचं जेवण नाही. दुपारी हलकं जेवून या. घरात जुनी सोलापुरी चादर किंवा इरकल साडी असेल तर एक फोटो किंवा आठवण घेऊन या. काही खायला चालत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा."

"जेवण नाही" हे स्पष्ट लिहायला लाजू नका. मला आधी ते कसंतरीच वाटत होतं, पण आमच्या आत्यानंच फोन करून सांगितलं की बरं झालं लिहिलंस, नाहीतर मी काकांसाठी घरी काही केलंच नसतं.

खाण्याचं विचारणं मनापासून करा. अंडं चालत नाही, जैन आहे म्हणून कांदा-लसूण-बटाटा नाही, शुगर आहे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी. हे शेवटचं आपल्याकडं कोणी विचारतच नाही कारण आपला जन्मच शेंगदाण्यावर, पण आईच्या एका मैत्रिणीच्या नातवाला ती निघाली आणि आमच्या मेनूत दोन पदार्थ शेंगाचे होते. त्याच्यासाठी वेगळी ताटली, वेगळी सुरी, वेगळा चमचा ठेवला आणि ती ताटली सगळ्यात आधी भरून झाकून ठेवली.

५. काय काय लागतं

हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

- कप-बशा, माणसांपेक्षा चार जास्त
- दोन किटल्या तरी, एक दुधाच्या चहाला, एक बिनदुधाच्या
- बारीक गाळणं, साखरेचं भांडं, दुधाचं छोटं भांडं
- छोट्या ताटल्या, सुऱ्या, चमचे
- तीन मजली स्टँड, पाच-सहा माणसांमागं एक
- थर्मास, मोठा
- क्लिंग फिल्म किंवा स्वच्छ सुती फडकी, पाच-सहा
- भरलेला गॅस सिलिंडर, आदल्या दिवशी उचलून बघा

कप-बशा भाड्यानं मंडप-केटरिंगवाल्यांकडं मिळतात. आणताना त्यांच्यासमोर मोजा, टवका गेलेले कप बाजूला काढून दाखवा, फोटो काढा आणि पावतीवर आकडा लिहून घ्या. माझ्या पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, परत देताना सहा कपांचे पैसे कापले आणि मी काही बोलू शकले नाही कारण माझ्याकडं कागदच नव्हता. सोसायटीचा हॉल घेणार असाल तर अर्जाची प्रत, डिपॉझिटची पावती आणि किती वाजता रिकामा करायचा ते लेखी, एवढं तीन जवळ ठेवा.

स्टँड विकत घ्यायची गरज नाही. मोठी ताटली, त्यावर पालथा ठेवलेला जाड बुडाचा स्टीलचा ग्लास, त्यावर मधली ताटली, त्यावर पालथी वाटी, त्यावर छोटी ताटली, मधे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. हलवायचं नाही, जिथं ठेवायचं तिथंच जोडायचं. एका टेबलावर आम्ही तेही केलं नाही, चौरंग आणि पाट ठेवून उंचसखल केलं, ते तर स्टँडपेक्षा देखणं दिसत होतं.

६. मेनू

माणशी हिशोब असा धरा: सँडविचच्या चार पट्ट्या, एक-दीड स्कोन, गोडाचे दोन-तीन छोटे तुकडे. याच्यावर केलंत तर उरतं. एका सँडविचच्या तीन पट्ट्या होतात, म्हणजे चौदा जणांना एकोणीस सँडविच, अडतीस-चाळीस स्लाइस. पुड्यातले दोन्ही टोकांचे स्लाइस धरू नका.

तळण अजिबात नको. भजी केली की एक बाई कढईपाशी अडकली, ती बाहेर येतच नाही, आणि ती बाई बहुतेक वेळा तुम्हीच असता. तिखट पाहिजे असतं हे मला मान्य आहे, आपण सोलापूरची माणसं, पण ते सँडविचमधनं द्या.

खालचा थर. आम्ही दोन प्रकार केले.

काकडीचं: काकडी सोलून एकदम पातळ चकत्या, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत, मग नॅपकिनमध्ये धरून घट्ट पिळायची. हे पिळणं टाळलंत तर तासाभरात ब्रेड ओला होतो. ब्रेडच्या दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत बटर लावायचं, ते चवीला लागतंच पण मुख्य काम म्हणजे पाणी ब्रेडमध्ये मुरू देत नाही. वर किंचित मिरपूड. कडा सगळ्यात शेवटी कापायच्या.

शेंगाचटणीचं: चार चमचे चक्क्यात दोन चमचे कांडलेली शेंगाचटणी. ती तेल सुटलेली असली की चक्क्याबरोबर छान एकजीव होते. नुसती कोरडी चटणी भुरभुरली तर खाताना सगळी मांडीवर पडते. आणि लक्षात ठेवा, या चटणीत लसूण असतो, जैन मंडळींच्या ताटलीत ती जाता कामा नये. या सँडविचला जी दाद मिळाली ती दुसऱ्या कशालाच नाही, खरं सांगते.

झाली की ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली झाकून ठेवा. आपल्याकडची हवा कोरडी, दहा मिनिटं उघडं राहिलं की ब्रेड वाळायला लागतो.

मधला थर, स्कोन. कमी गोड केक आणि बिस्किटाच्या मधला प्रकार समजा. अंड्याशिवाय होतो. साधारण आठ नगांसाठी:

- मैदा २५० ग्रॅम
- बेकिंग पावडर ३ छोटे चमचे
- साखर २ मोठे चमचे
- बटर ६० ग्रॅम, फ्रीजरमधलं कडक
- थंड दूध १५० मिली

मैदा, बेकिंग पावडर, साखर चाळून घ्या. बटर किसणीवर किसून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी रव्यासारखं होईपर्यंत चोळा. आपल्या हवेत बटर लगेच मऊ पडतं, म्हणून किसायचं, आणि मधे वेळ लागला तर भांडं सरळ फ्रिजमध्ये. पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. दूध थोडं थोडं घालून गोळा जेमतेम एकत्र करायचा. इथंच सगळ्यांचं चुकतं, आपल्या हाताला कणीक मळायची सवय, आपण मळत बसतो आणि स्कोन दगड होतो. मळायचं नाहीच. अडीच सेंटिमीटर जाड थापा, छोट्या स्टीलच्या ग्लासनं सरळ खाली दाबून कापा, ग्लास फिरवू नका, फिरवला की कडा दबते आणि स्कोन एका बाजूला कलतो. ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा छोटा ओव्हन, आधीच २२० अंशावर तापवून ठेवा, बारा ते पंधरा मिनिटं. त्याच दिवशी खायचे, दुसऱ्या दिवशी ती चव राहत नाही.

सोबत जॅम आणि क्रीम. तिकडं घट्ट क्लॉटेड क्रीम असतं, त्याच्याजागी घरची दोन दिवसांची थंड साय थोडी पिठीसाखर घालून हलकी फेटा. तिकडं डेव्हनचे लोक आधी क्रीम लावून वर जॅम घालतात आणि कॉर्नवॉलचे आधी जॅम, यावर त्यांच्यात जुना वाद आहे. मी हे टेबलावर सांगितलं आणि लगेच आमच्याकडं पण दोन गट पडले.

ओटीजी नसेल तर स्कोनचा हट्ट नको, चांगल्या बेकरीतली ताजी नानकटाई मधल्या थरात शोभून दिसते. अंडं आहे का ते तिथं विचारून घ्या.

वरचा थर. शेंगापोळी, छोट्या पुरीएवढी लाटून, त्रिकोणी कापून. ती आठ दिवस टिकते त्यामुळं आधी करून ठेवता येते, हा मोठा फायदा. दुसरं, छोट्या वाट्यांत श्रीखंड आणि वर डाळिंबाचे दाणे. दाणे अगदी वाढायच्या वेळी घाला, आधी घातले तर रस उतरून श्रीखंड गुलाबी पाणचट दिसतं. बस, दोन पुरे. शुगरवाल्यांसाठी नुसती फळं, आणि ती पण त्याच स्टँडवर सुंदर मांडून ठेवा, बाजूला वेगळी वाटी आणून दिली की त्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं.

७. चहा

एवढं सगळं करून लोक चहाकडंच दुर्लक्ष करतात. पार्टीचं नाव चहा आणि चहाच कोमट, हे मी स्वतः केलंय म्हणून पोटतिडकीनं सांगते.

दोन चहा ठेवा, जास्त नकोत. एक आपला दुधाचा, एक बिनदुधाचा.

पाणी आधी बघा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्या पाण्यात बिनदुधाचा चहा केला की वर तवंग येतो आणि रंग काळपट होतो. फिल्टरचं पाणी घ्या, दुपारीच भरून ठेवा.

बिनदुधाचा: पानांचा दार्जिलिंग घ्या, चुऱ्याचा नको. किटली आधी गरम पाण्यानं विसळून ओतून द्या, नाहीतर थंड चिनीमाती बरीच उष्णता पिऊन टाकते. एका कपाला एक सपाट चमचा. पाणी उकळलं की मिनिटभर थांबा, मग ओता, तीन मिनिटं झाकून ठेवा आणि लगेच दुसऱ्या गरम किटलीत गाळून घ्या. पानं तशीच पाण्यात राहिली तर दुसरा कप कडू होतो. लिंबाच्या चकत्या ठेवणार असाल तर दुधाच्या भांड्यापासून लांब ठेवा, आमच्या काकांनी सवयीनं दोन्ही घातलं आणि कपात दूध फाटलं.

दुधाचा: यात आसामचा सीटीसीच पाहिजे. सीटीसी म्हणजे पान चुरून, फाडून, वळवून केलेले दाणे, दुधात उकळायला तोच बनलेला, दार्जिलिंग दुधात उकळून वाया घालवू नका. चौदा जणांचा एक घाणा: एक लिटर पाणी, एक लिटर दूध, चाळीस ग्रॅम चहा. आलं पाण्यातच घाला आणि नीट उकळू द्या, मग दूध, कच्चं आलं आणि दूध एकत्र पडलं की नासायची भीती असते. गवती चहा असेल तर दोन पाती. साखर वेगळी द्या.

महत्त्वाचं म्हणजे सगळा चहा एकदम करून ठेवू नका. दोन घाणे करा, पहिला सव्वाचारला, दुसरा पाचला. थर्मासमध्ये ठेवायचाच तर अर्धा तास, त्याच्यावर दुधाच्या चहाला वास येतो.

किटलीसाठी टोपी मी जुन्या चादरीची शिवली. किटलीचा घेर तोटी आणि कान धरून मोजायचा, त्याच्या निम्मा अधिक पाच सेंटिमीटर ही रुंदी, उंचीला पण पाच जास्त. बाहेरनं चादरीचे दोन तुकडे, आतनं जुन्या टर्किश टॉवेलचे दोन, खालची बाजू सोडून तिन्ही बाजू शिवायच्या. अर्ध्या तासानं पण चहा ओतताना वाफ येत होती. आजोबांच्या काळातली विटलेली चादर होती, मी कापायला घेतली तेव्हा आई म्हणाली, "अगं काय करलालीस, टाकायची नाही हं ती." टाकली नाही आई, म्हटलं, रोज टेबलावर येईल आता. आणि येते.

उन्हाळ्यात थंड चहा करणार असाल तर घट्ट करून फ्रिजमध्ये ठेवला की तो गढूळ होतो, खराब झालेला नसतो, थोडं गरम पाणी घातलं की परत स्वच्छ दिसतो.

८. मांडणी

सोलापुरी चादर सरळ टेबलावर अंथरू नका, जाड असते, कप डुगडुगतात. आम्ही टेबलावर साधं पांढरं सुती कापड घातलं आणि मयूर नक्षीची चादर मागं भिंतीवर टांगली, तिच्यापुढं सगळ्यांनी आईबरोबर फोटो काढले. नवी गडद रंगाची चादर टेबलाजवळ असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या कपड्यानं पुसून बघा रंग जातो का.

कागदी नॅपकिन आणलेच नाहीत. सोलापूरचे सुती नॅपकिन, नव्या पेठेत किंवा अशोक चौकाकडं डझनावर मिळतात, एकदा धुऊन घ्या, कोरे असताना पाणी शोषत नाहीत.

नावांच्या चिठ्ठ्या धोट्यांवर लावल्या, धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, पूर्व भागात त्यांचे माग आहेत, त्यांच्याकडं जुने लाकडी धोटे माळ्यावर पडून होते. त्यांनी नुसते दिले नाहीत, स्वतः तेल लावून पुसून दिले आणि रंगीत सुताच्या कांड्या पण दिल्या. त्यांना आणि त्यांच्या घरच्या अक्कांना पण मग बोलवलं. अक्कांनी टेबलावर बसून सगळ्यांना ताणा म्हणजे उभे धागे कुठले, बाणा म्हणजे आडवे कुठले, धोटा कसा पळतो ते दाखवलं, आणि माझ्या भाचीनं तर चहाच सोडला ऐकता ऐकता. तुमची थीम जी असेल तिच्यातलं एक जाणतं माणूस टेबलावर असू द्या, कुठल्याही खेळापेक्षा ते चांगलं.

वयस्कर मंडळींना हात असलेल्या खुर्च्या द्या आणि जिन्यापासून जवळ बसवा. गच्चीवर चारला ऊन कुठल्या बाजूनं येतं ते आदल्या दिवशी चारलाच वर जाऊन बघा.

९. आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या आठवड्यात शेंगापोळ्या. आदल्या दिवशी कप धुऊन पुसून, चक्का बांधून, कोरडं सामान मोजून डब्यांत, बटर फ्रीजरमध्ये.

त्या दिवशी आमचं असं चाललं:

साडेबाराला घरातल्यांनी पिठलं-भाकरी खाऊन घेतली. दीडला सँडविच. अडीचला स्कोन ओटीजीत. ओटीजी आणि इलेक्ट्रिक किटली एकाच बोर्डवर लावू नका, दोन्ही जास्त वीज खातात, आमचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा विजेचा स्विच, पडला आणि स्कोनची पहिली बॅच मधेच थांबली. सव्वातीनला टेबल मांडलं, खाणं झाकलेलंच. पावणेचारला पाणी उकळायला. चार वाजता मी साडी बदलून बाहेर, हे ठरवून. सव्वाचारला पहिला चहा. पाचला दुसरा घाणा, तो बहिणीनं केला. सव्वापाचला औक्षण, साठ दिव्यांचं. वारा होता म्हणून जिन्याच्या आडोशाला केलं.

तुम्ही स्वतः किमान एक अख्खा कप बसून प्यायचा आहे, तो वेळ आधीच धरून ठेवा.

१०. निघताना

प्रत्येकाला वापरायला दिलेल्या नॅपकिनसारखाच एक कोरा नॅपकिन, त्यात शेंगाचटणीची छोटी पुडी, आणि वर सुताच्या कांडीचा दोरा गुंडाळून गाठ. आवरताना भाड्याचे कप त्याच रात्री मोजून खोक्यात भरा, सकाळवर ढकलू नका. धोटे दुसऱ्या दिवशी अण्णांना परत द्यायला गेले तर त्यांनी एक घेतलाच नाही, आईसाठी ठेव म्हणाले. तो आता किटलीच्या टोपीशेजारी असतो.